घरातील बंदूक आणि मुलाचा ताबा

गेल्या पावसाळ्यात 'माझे घर' ह्या विषयावर आम्ही वर्गात निबंध लिहावयास सांगितला होता. असल्या निबंधांत गाय, अंगणातील लिंबाचे झाड आणि आजीच्या गोष्टी ह्या ठरलेल्याच असतात. एका मुलाने मात्र असे लिहिले की, बाबांच्या घरी माजघरात खाटेच्या वर खुंटीला बंदूक टांगलेली असते, आईच्या घरी ती नसते. त्याचे आईवडील वेगळे राहतात हे आम्हास ठाऊक होते. तास संपल्यावर तो मागे रेंगाळला आणि त्याने हळूच विचारले, "सर, वकीलसाहेब आईला म्हणत होते की, बंदुकीचं जजसाहेबांना सांगू. मग बंदुकीमुळं मला बाबांकडं जाऊ देणार नाहीत का?"

आम्हास त्या वेळी उत्तर देता आले नाही. व्याकरणाचा प्रश्न असता तर आम्ही लगेच फळ्याकडे वळलो असतो. मुलाचे नाव, गाव व इयत्ता येथे सांगण्याचे काही कारण नाही. परंतु त्याचा प्रश्न एकट्याचा नव्हे. माकणीच्या आसपास तेरणेच्या काठी ज्यांची शेते आहेत, त्यांपैकी काही घरांतून आजही बंदूक आहे, आणि आईबाप विभक्त झालेली मुले तर आता प्रत्येक वर्गात बसलेली असतात. म्हणून आम्ही कायद्याची पुस्तके चाळली, एका वकील स्नेह्यास चार गोष्टी विचारल्या, आणि जे समजले ते पालकांच्या व मोठ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी येथे मांडीत आहो.

मुलाच्या ताब्याचा सर्वांत जुना निवाडा आमच्या विद्यार्थ्यांना पवित्र शास्त्राच्या तासामुळे माहीत आहे. दोन स्त्रिया एकाच बालकावर हक्क सांगत शलमोन राजापुढे आल्या, तेव्हा राजाने तरवार मागविली. मूल कापून वाटावे हे ऐकताच खऱ्या आईने आपला हक्क सोडला आणि राजाने मूल तिलाच दिले. ह्या गोष्टीत राजाच्या चातुर्याचेच कौतुक फार केले जाते. आम्हास मात्र दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. राजाने हक्काचा पुरावा तपासला नाही. मूल आणि शस्त्र एकत्र आल्यावर कोण काय सोडावयास तयार होते, एवढेच त्याने पाहिले. आजचे न्यायाधीश तरवार मागवीत नाहीत. पण घरात शस्त्र असेल, तर तोच प्रश्न निराळ्या रूपाने त्यांच्यापुढे येतो.

आपल्या देशात ह्या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम. त्याच्या कलम १७ मध्ये न्यायालयाने काय पाहावे हे सांगितले आहे. मुलाचे वय, त्याचा धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, मुलाशी असलेले नाते, आणि मूल समजण्याइतके मोठे असल्यास त्याची स्वतःची इच्छा, ह्या सर्वांचा विचार करून मुलाच्या हिताचे काय ते ठरवावयाचे असते. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम १३ ने मुलाचे हित हाच सर्वोपरी विचार ठरविला. आम्हा ख्रिस्ती लोकांस १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू आहे, व त्यातही मुलांच्या ताब्याची कलमे आहेत. जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे हे खटले त्यापुढे चालतात, नसेल तेथे जिल्हा न्यायालयापुढे.

१९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रोझी जेकब ह्या ख्रिस्ती मातेचा खटला आला. मुले बापाची की आईची, हा वाद त्यात होता. न्यायालयाने जे ठरविले त्याचा भावार्थ असा की, मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांच्या हातचे खेळणेही नव्हेत; पित्याचा किंवा मातेचा हक्क मुलाच्या हितापुढे दुय्यम आहे. २००८ साली आणखी एक खटला त्याच न्यायालयात गेला. मुलाची आई सासरी मरण पावली होती, तिच्या मृत्यूबद्दल पित्यावर फौजदारी आरोप होता, आणि तरीही खालच्या दोन्ही न्यायालयांनी मूल पित्याकडे द्यावे असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय रद्द केले. पित्याचे चारित्र्य आणि मुलाची स्वतःची इच्छा ह्या दोन गोष्टींस खालच्या न्यायालयांनी द्यावयास हवे होते तेवढे महत्त्व दिले नाही, असा त्यातील आक्षेप होता.

ह्या ताब्याच्या कलमांत 'बंदूक' हा शब्द कोठेही नाही. म्हणून कोणी म्हणेल, मग वकीलसाहेबांनी बंदुकीचे नाव तरी का काढावे? उत्तर 'हित' ह्या शब्दात आहे. मूल ज्या घरात निजते त्या घरात भरलेले शस्त्र हाताशी असेल, तर ते त्याच्या हिताच्या बाहेरचे कसे मानता येईल? आणि ते तसे ठेवणाऱ्याच्या काळजीविषयी व कुवतीविषयी न्यायाधीशांनी काय समजावे?

तथापि केवळ परवान्याची बंदूक बाळगणे हा दोष नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५९ चा शस्त्र अधिनियम शेतकऱ्याची अडचण ओळखतो. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद त्याच्या कलम १३ मध्येच आहे. रात्री रानडुकरांचा कळप उभ्या पिकात शिरला म्हणजे काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो अशा शेतकऱ्यास नावे ठेवणार नाही. शिवाय आमच्या भागातील वृद्धांच्या मनात बंदुकीची आणखी एक आठवण आहे. १९४७-४८ साली रझाकारांच्या धाकाखाली गावे रात्र रात्र जागत, आणि ज्या वाड्यात बंदूक असे त्या वाड्यात शेजारच्या बायामुले आश्रयाला येत, असे आम्ही लहानपणी ऐकले आहे. त्या पिढीला बंदूक म्हणजे घराचे रक्षण वाटे. तो भाव पुढच्या पिढीत उतरला, पण ते दिवस मागे पडले, आणि आज त्या खुंटीखाली निजणाऱ्या मुलाला भय आहे ते बाहेरून येणाऱ्या शत्रूचे नसून त्या खुंटीचेच आहे.

न्यायालयासमोर दोन निरनिराळ्या गोष्टी येऊ शकतात, आणि आमच्या मते लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक हयगय, दुसरी धमकी. बंदूक निष्काळजीपणे ठेवणारा बाप प्रेमळ असू शकतो. त्याने व्यवस्था सुधारली की मूळ आक्षेप उरत नाही. परंतु ज्याने रागाच्या भरात बायकोवर किंवा मुलांवर बंदूक रोखली, किंवा नुसती समोर आणून ठेवून बोलणे केले, त्याची गोष्ट वेगळी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात, आणि भेटीने मुलाचे अहित होईल असे दिसल्यास भेटही नाकारतात. त्या अधिनियमाखालील नियमांत हिंसाचारात वापरलेले शस्त्र पोलिसांच्या साहाय्याने जप्त करण्याची तरतूद आहे. तसेच २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार, ज्याच्या सहवासात मूल राहते त्यानेच त्याला मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी दिली असेल व ती खरी होण्याचा संभव असेल, तर ते मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते आणि प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जाऊ शकते. अशा वेळी कपाटाला कुलूप आहे, हे उत्तर पुरत नाही.

परवान्याचेही तसेच आहे. सार्वजनिक शांतता व सुरक्षितता ह्यांसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ ने दिला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यावर शस्त्र परवान्यांची छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले, हे आमच्या वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. बंदूक ही वडिलोपार्जित शेतीसारखी कायमची मालकी नव्हे.

आता हयगयीकडे वळू, कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत संभव तिचाच अधिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि ह्या भागातील दगडमातीची जुनी माळवदे कोसळली. जुन्या वाड्यात माजघर, माळा, बळद, खोल देवळ्या अशा जागा होत्या; मोठ्यांची वस्तू मोठ्यांपाशी राही. पुढे जी नवी घरे उभी राहिली त्यांपैकी पुष्कळ दोन खोल्यांची आहेत. त्यांत मुलांना ठाऊक नसलेली जागा म्हणून उरलीच नाही. लोखंडी कपाट एक, त्याची किल्ली गादीखाली किंवा देवाच्या तसबिरीमागे, आणि ती कोठे आहे हे घरातील सर्वांत धाकट्या मुलास सर्वांआधी ठाऊक! कित्येक मातापिता म्हणतात, "आमचा पोरगा तिला हात लावणार नाही, आम्ही बजावून ठेवले आहे." ह्या भरवशाविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरी वैद्यांनी आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांचे २९ गट केले, प्रत्येक गटास एका खोलीत काही वेळ सोडले, आणि तेथील एका खणात खरे पण न भरलेले पिस्तूल लपवून ठेवले. २००१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २१ गटांना पिस्तूल सापडले, त्यांतील १६ गटांनी ते हाताळले, आणि १० गटांत कोणी ना कोणी घोडा ओढला. ज्या मुलांनी असे केले, त्यांपैकी बहुतेकांना बंदुकीपासून दूर राहण्याचे शिक्षण आधी मिळालेले होते. मूल अवज्ञा करते म्हणून हे घडते असे नव्हे. कुतूहल ही मुलाची प्रकृतीच आहे, आणि शिक्षक म्हणून आम्ही तर तिच्यावरच पोट भरतो.

आपल्या देशातही उदाहरण आहे. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात शिशुवर्गातील पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल शाळेत आणले, आणि त्यातील गोळीने तिसरीतील दहा वर्षांचा विद्यार्थी हाताला जखमी झाला. पाच वर्षांच्या मुलाने शस्त्र विकत आणले नव्हते. ते मोठ्या माणसांच्या कोठल्या तरी निष्काळजी हातातून त्याच्या दप्तरात आले. आणि मोठ्यांच्या हातीही बंदूक किती निर्धोक असते? १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत प्रसिद्ध नट गोविंदा ह्यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. ते कपाटात ठेवताना हातून निसटले व बार उडाला, असे त्या वेळी सांगण्यात आले. दैवयोगाने जीव वाचला. त्या क्षणी खोलीत एखादे मूल खेळत असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

मग घरात बंदूक असलेल्या पालकाने काय करावे? २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदारास सुरक्षित हाताळणीचे शिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी आवश्यक केली आहे. ही हमी कागदावर सही करून विसरण्यासाठी नाही. घरी आल्यावर बंदूक प्रथम रिकामी करावी, आणि रिकामी झाली हे नळी उघडून डोळ्यांनी पाहावे. आठवणीवर विसंबू नये. काडतुसे बंदुकीपाशी ठेवू नयेत, त्यांची पेटी निराळी आणि तिचे कुलूपही निराळे. दोन्ही किल्ल्या परवानेदाराच्या अंगावर असाव्यात. गादीखाली नव्हे, तसबिरीमागे नव्हे, आणि "बाई, जरा किल्ली सांभाळ" म्हणून मोठ्या मुलीकडेही नव्हेत. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगण्याची कायद्याने मनाई आहे. तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या थोरल्याच्या खांद्यावर बंदूक देऊन त्याला रानात पाठविणे हे कौतुक नसून गुन्हा आहे.

ठासणीच्या बंदुकीविषयी विशेष सांगावयाचे आहे, कारण शेतकऱ्याच्या घरी बहुधा तीच असते. तिच्यात दारू व छर्रे तोंडाकडून गजाने ठासावे लागतात. एकदा भरली की रिकामी करणे कटकटीचे, म्हणून पुष्कळजण ती भरलेलीच टांगून ठेवतात. "टोपी चढविली नाही, मग कशी उडेल?" असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण टोप्यांची डबी त्याच खुंटीला लोंबत असते! आमच्या मते अशी भरलेली बंदूक मुलाच्या घरात ठेवण्यास कोणतेही समर्थन नाही. रानात भरावी, रानातच मोकळी करावी. हवाई बंदुकीचीही थोडी आठवण देतो. कमी शक्तीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीस परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे समजून वाढदिवसाला दिली जाते. पण तिच्या एका छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो.

ज्या घरी ताब्याचा किंवा भेटीचा वाद चालू आहे त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक असतो. परवानेदारास आपली बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी जमा करून पावती घेता येते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कित्येक बंदुका ठाण्यात जमा होतात, आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. आमदार निवडण्यासाठी जी वस्तू महिनाभर घराबाहेर राहू शकते, ती मुलाच्या भेटीसाठी का राहू नये, हे आम्हास समजत नाही. विरुद्ध पक्षाने मागणी करण्याची वाट न पाहता जो पालक स्वतः होऊन पावती न्यायालयापुढे ठेवतो, तो न्यायाधीशांच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन बसतो. शस्त्र घरीच ठेवणे भाग असेल, तर ते कोठे व कसे कुलपात असते, किल्ली कोणाकडे असते, मूल घरी असताना काय करतात, हे लेखी सांगावे. उभय पक्षांच्या संमतीने अशी अट भेटीच्या हुकुमात घालून घेता येते.

आणि वाद घालणाऱ्या दुसऱ्या पक्षासही एक शब्द. ज्या घरी बंदूक कधी नव्हतीच, किंवा वर्षानुवर्षे व्यवस्थित कुलपात आहे, तेथे तिचे भूत उभे करून मुलाला बापापासून तोडणे हाही मुलावर अन्यायच आहे. मुलाच्या तोंडी साक्ष पढविणाऱ्या मंडळींचे आम्हास फार वाईट वाटते. मूल दोन्ही घरी जे पाहते ते आपण होऊन सांगते. आमच्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिले तसे.

परदेशी, विशेषतः अमेरिकेत, आपली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या नातेवाइकांनी हे जाणून असावे. त्या देशात २०२० पासून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक हे झाले आहे. रोग व मोटारीचे अपघात तिच्या मागे पडले. फ्लोरिडा राज्याने १९८९ मध्ये मुलाच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणाऱ्यास शिक्षा सांगणारा पहिला कायदा केला आणि इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. घरगुती हिंसाचारावरून ज्याच्याविरुद्ध संरक्षणाचा हुकूम आहे त्याने बंदूक बाळगू नये, हा तेथील कायदा जून २०२४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्याच वर्षी मिशिगन राज्यात शाळेत चार विद्यार्थ्यांचे प्राण घेणाऱ्या मुलाच्या आईला व बापाला, दोघांनाही, मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी किमान दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी स्वतः गोळी झाडली नव्हती. मुलाचे चित्त ठिकाणावर नाही हे दिसत असता बंदूक त्याच्या हाती लागू दिली होती.

मुलांनो, तुमच्यासाठी एवढेच. कोणाच्याही घरी बंदूक उघडी दिसली तर तिला हात लावू नका, "खरी आहे का पाहू" म्हणणाऱ्या सोबत्यास घेऊन त्या खोलीतून बाहेर या, आणि मोठ्या माणसास सांगा. लग्नाच्या वरातीत कोणी हवेत बार काढू लागला तर तेथून दूर व्हा. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा हर्षगोळीबाराने जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरात कोणी बंदुकीचा धाक घालीत असेल आणि सांगावयास कोणी नसेल, तर १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. त्यास पैसे पडत नाहीत. आणि शाळेत आम्ही आहोच.

त्या मुलास आम्ही चार दिवसांनी उत्तर दिले. "बंदूक आहे म्हणून जजसाहेब तुला बाबांपासून तोडणार नाहीत," आम्ही म्हणालो, "पण ती कशी ठेवली आहे हे ते विचारतील, आणि विचारावयासच पाहिजे." त्याने ते घरी जसेच्या तसे सांगितले असावे, कारण पुढच्या आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले. प्रथम ते रागात होते. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "सर, ठाण्यात पावती मिळती का खरंच?" खटला अद्याप चालू आहे व त्याविषयी आम्ही काही बोलणार नाही. पण शनिवारी दुपारी मुलगा वडिलांच्या शेतावर जातो, खुंटीवर आता कंदील आहे, आणि डुकरे आली की बापलेक दोघे मिळून तेलाचा रिकामा डबा बडवितात. त्याच्या पुढच्या निबंधात त्याने डब्याच्या आवाजाचे वर्णन पाऊण पान केले होते; शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या.